पू कुठे आहे?

पोटाला हात लावण्याआधी तळवे एकमेकांवर चोळून गरम करा. गार हात लागला की पोट आखडतं, आणि मग ते तुमच्या हातामुळे आखडलं की आतल्या आजारामुळे, हे कळायला मार्ग राहत नाही. पलंगाच्या उजव्या अंगाला बसा. गुडघे जरा वर घ्यायला सांगा. जिथे दुखतंय तिथून सुरुवात करायची नाही. डावीकडून, सावकाश, दुखऱ्या जागेकडे सरकायचं. बोटांची टोकं रुतवायची नाहीत, सपाट हाताने दाबायचं. आणि नजर रोग्याच्या चेहऱ्यावर ठेवायची. तोंड ‘दुखत नाही’ म्हणेल, पण भुवया खरं सांगतील.

पलंगावरचे गृहस्थ साठ वर्षांचे आहेत. पोट चांगलंच सुटलेलं, दाढी पिकलेली. तारीख १८ जून १९०२, जागा विंडसरचा राजवाडा. हे इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड, आणि आठ दिवसांनी, २६ जूनला, वेस्टमिन्स्टर ॲबेत त्यांचा राज्याभिषेक व्हायचा आहे. तुमच्या शेजारी उभे आहेत सर फ्रेडरिक ट्रीव्हज. पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याचा त्यांच्याइतका अभ्यास केलेले सर्जन इंग्लंडात फार थोडे. राजवैद्य सर फ्रान्सिस लेकिंग आणि सर टॉमस बार्लो यांनी त्यांना बोलावून घेतलंय, कारण पोटदुखी सुरू होऊन काही दिवस उलटलेत आणि ताप आहे.

इथे तुम्हाला पाहता येतं, हात लावता येतो. सांगता मात्र काही येत नाही.

तुमचा हात बेंबीखालून उजवीकडे सरकतो आणि थबकतो. चरबीच्या जाड थराखाली काहीतरी घट्ट, गोलसर आहे. वरचे स्नायू हाताला विरोध करतायत. बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या पुढे आलेल्या टोकापर्यंत मनात एक रेघ ओढा. त्या टोकापासून दीड ते दोन इंचांवरची जागा सर्वांत दुखरी असते, हे न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ साली सांगितलं, आणि आजही प्रत्येक मेडिकल कॉलेजात ते पाठ करून घेतलं जातं. आता या खोलीत दुसरं काय आहे? थर्मामीटर आहे, स्टेथोस्कोप आहे, मनगटावरची नाडी आहे. सोनोग्राफी नाही, सीटी स्कॅन नाही. राजाच्या पोटात काय चाललंय ते कळण्याचा रस्ता तुमच्या तळव्यातूनच जातो.

तुम्ही पुढच्या शतकातून आला आहात, म्हणून आतलं चित्र तुमच्या डोळ्यांसमोर आहे. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लटकणारी, करंगळीहून बारीक नळी म्हणजे अपेंडिक्स. तिचं तोंड बंद झालं की ती आतून फुगते. तेव्हा दुखतं ते बेंबीभोवती, मोघम, कारण आतड्याच्या नसांना नेमकी जागा सांगता येत नाही. पुढे सूज पोटाच्या आतल्या अस्तराला भिडली की दुखणं उजवीकडे खाली येऊन ठाण मांडतं, कारण अस्तराच्या नसा जागा अचूक सांगतात. दुखणं कुठून कुठे गेलं, हा प्रश्न म्हणूनच सोडायचा नसतो. मग नळीची भिंत सडते, भोक पडतं आणि आतलं बाहेर येतं. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात सुमारे शंभर अब्ज जिवाणू असतात. नळीत असतात तोवर ते आपल्या अन्नावर जगणारे निरुपद्रवी रहिवासी. नळीबाहेर पडले की तेच मारेकरी.

शरीर हातपाय गाळून बसत नाही. आतड्यांच्या वेटोळ्यांवरून लोंबणारा चरबीचा पडदा, म्हणजे ओमेंटम, सरकत येऊन त्या जागेला चिकटतो. आसपासची आतडीही चिकटतात. भिंत उभी राहते आणि आत पू साचतो. ही भिंत टिकली तर पुवाचं गळू. नाही टिकली तर पू पोटभर पसरतो. पोटाचं अस्तर उलगडून पसरलं तर जवळपास अंगावरच्या कातडीएवढं भरेल. एवढ्या पृष्ठभागाची आग झाली की रक्तातलं पाणी लिटरांच्या हिशेबाने पोटात झिरपतं, रक्तदाब ढासळतो, लघवी थांबते आणि पोट फळीसारखं टणक होतं. मग स्टेथोस्कोप लावला तर आतड्यांचा आवाजही येत नाही.

राजाच्या पोटात भिंत उभी आहे. अजून.

ट्रीव्हज थांबायचं ठरवतात. त्या काळाच्या मानाने हे वेडेपण नव्हे. आजार जोरात असताना चाकू लावू नये, झटका ओसरू द्यावा, मग शांत पोटात शस्त्रक्रिया करावी, असं त्यांचं मत आहे, आणि ते त्यांनी व्याख्यानांतून ठामपणे मांडलेलं आहे. पुढचे दोन-तीन दिवस त्यांच्या बाजूने जातात. ताप उतरतो, गाठ लहान झाल्यासारखी वाटते. वाड्यातले सगळे सुटकेचा श्वास टाकतात. तुम्ही टाकू नका. पोटाच्या आजारात असं बरं वाटणं फसवं असू शकतं. फुगलेली नळी फुटली की ताण जातो आणि दुखणं क्षणभर कमी होतं. भिंतीआडचा पू काही वेळ गप्प बसतो. अशा वेळी नाडी बघत राहायची. दुखणं कमी आणि नाडी मात्र वेगातच, असं असेल तर ते बरं होणं नव्हे.

२३ जूनला राजे लंडनला येतात. तुम्हीही या. रस्त्यांवर कमानी, झेंडे, लाकडी बाकांच्या रांगा. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यातले राजे-महाराजे उतरलेत, आणि त्यांत कोल्हापूरचे शाहू महाराजही आहेत. राज्याभिषेकाचा ठरलेला दिवस, २६ जून, हा त्यांचा जन्मदिवस; त्या दिवशी ते अठ्ठावीस वर्षांचे होणार. त्यांच्या राजधानीतल्या मोठ्या इस्पितळाला नाव आहे अल्बर्ट एडवर्ड, म्हणजे याच माणसाचं, तो युवराज असतानाचं. पुढे ते इस्पितळ सीपीआर झालं. मुंबईत परळला आणि पुण्यात रोज हजारो माणसं ज्या केईएमच्या पायऱ्या चढतात, त्या नावातले किंग एडवर्डही हेच. हा लंडनचा मुक्काम लांबणार आहे, आणि तो संपण्याआधीच, २६ जुलै १९०२ रोजी, करवीर राज्यात मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखण्याचा महाराजांचा हुकूम निघणार आहे. राजाच्या पोटातल्या पुवाचा त्या हुकुमाशी संबंध जोडायचं कारण नाही. पण त्या उन्हाळ्यात आपला एक माणूस त्या शहरात होता, हे तिथे उभं राहिल्यावर आठवल्यावाचून राहत नाही.

२४ जूनची सकाळ, बकिंगहॅम पॅलेस. दुखणं आणि ताप परतलेत, गाठ वाढली आहे. ट्रीव्हज, लेकिंग आणि बार्लो यांच्यासोबत आज सर टॉमस स्मिथ आहेत, आणि पंचाहत्तरीतले लॉर्ड लिस्टर. जखमेतल्या पुवामागे जंतू असतात आणि ते मारता येतात, हे ज्यांनी १८६७ साली जगाला पटवून द्यायला घेतलं तेच हे लिस्टर. सगळ्यांचं एकमत होतं: पू काढायलाच हवा, आणि आजच. राजे मानत नाहीत. लोकांना शब्द दिलाय, ॲबेत जाणारच. तसं केलंत तर ॲबेत तुमचं प्रेत जाईल, असं ट्रीव्हजनी ऐकवल्याची गोष्ट पुढे सांगितली जाते. शब्द काही का असेनात, वैद्यकीयदृष्ट्या त्यात अतिशयोक्ती नव्हती.

दुपारी साडेबाराच्या सुमारास टेबल तयार आहे. फ्रेडरिक ह्युइट भूल देतात. राजे धडपडतात, त्यांना धरायला राणी अलेक्झांड्रा पुढे होतात, आणि पुढेही तिथेच थांबायची त्यांची तयारी दिसते. राणीला बाहेर जायची विनंती ट्रीव्हजना करावी लागते. जाड मानेच्या माणसाला भूल देणं आजही काळजीचं असतं. ह्युइटच्या चेहऱ्याकडे बघा, म्हणजे त्या खोलीत सर्वांत अवघड काम कोणाकडे आहे ते कळेल.

चाकू लागतो. कातडी, चरबी, पुन्हा चरबी, स्नायू. ट्रीव्हज खोल जात राहतात. साडेचार इंच खोलीवर पू लागतो आणि उसळून वर येतो. मोठ्या आतड्यातल्या जंतूंनी केलेल्या पुवाचा वास एकदा घेतला की विसरता येत नाही. पोकळी मोकळी झाल्यावर रबराच्या दोन जाड नळ्या आत ठेवल्या जातात, भोवती आयोडोफॉर्मची पट्टी. सुमारे चाळीस मिनिटांत सारं आटोपतं.

अपेंडिक्स का काढत नाहीत, असं तुमच्या ओठांवर येतं. बरं झालं, इथे बोलता येत नाही ते. सुजलेल्या, चिकटलेल्या आतड्यांत ती नळी शोधायला गेलं तर शरीराने उभारलेली भिंत तुटेल आणि पू पोटभर होईल. पुवाला वाट द्या आणि हात मागे घ्या, हा त्या दुपारचा शहाणपणा. मला तो त्या शस्त्रक्रियेतला सर्वांत मोठा भाग वाटतो. ज्याच्या नावाचा जगभर बोलबाला होणार आहे, त्या सर्जनने अर्धवट वाटणारं काम करून थांबायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी राजे उशीला टेकून बसलेले असतात, हातात सिगार. ९ ऑगस्टला राज्याभिषेक होतो. पुढे आठ वर्षं ते जगतात.

आता मागचा एक दरवाजा उघडू, फक्त दोन वर्षं मागचा. १९०० साल, लंडन. ट्रीव्हज यांची धाकटी मुलगी हेटी, अठरा वर्षांची. आजार तोच. अपेंडिक्स फुटलंय आणि तिच्या पोटातली भिंत टिकलेली नाही. देशात हा आजार ज्याला सर्वांत जास्त कळतो तो माणूस तिचा बाप आहे, आणि त्याच्या हाती आता देण्यासारखं काही नाही. सलाईनची बाटली नाही, प्रतिजैविक नाही. १९०२ च्या त्या सकाळी राजाला आडवं घालून ‘आजच’ म्हणणाऱ्या माणसाच्या मागे ही खोली उभी होती, हे विसरून त्या शस्त्रक्रियेकडे पाहता येत नाही.

आणखी मागे गेलात तर ६ डिसेंबर १७३५, लंडनचंच सेंट जॉर्ज हॉस्पिटल. क्लॉडियस अमियांड अकरा वर्षांच्या हॅनव्हिल अँडरसनचा हर्निया उघडतात. आत अपेंडिक्स आहे आणि त्यात टाचणीने भोक पाडलंय. भूल शोधली जायला अजून शतकाहून जास्त काळ आहे. पोर पूर्ण शुद्धीत आहे. अर्धा तास चालतं. तिथे फार वेळ उभं राहवणार नाही तुम्हाला. एवढं सांगतो की अमियांड ते अपेंडिक्स काढतात आणि पोरगा जगतो. वैद्यकाच्या इतिहासात नोंद असलेलं हे पहिलं अपेंडिक्सचं ऑपरेशन. तरीही पुढची दीडशे वर्षं या कोपऱ्यातल्या पुवाचा दोष डॉक्टर मोठ्या आतड्याच्या तोंडालाच देत राहिले. १८८६ मध्ये हार्वर्डच्या रेजिनल्ड फिट्झ यांनी फुटलेल्या अपेंडिक्सची २५७ प्रकरणं मांडून दाखवलं की खरा उगम ती बारीक नळी आहे, आणि उपाय लवकर केलेली शस्त्रक्रिया. फिट्झ सर्जन नव्हते. मृत शरीरांची चिरफाड करून पाहणारे विकृतिशास्त्रज्ञ होते. उशीर कुठे झाला ते त्यांना रोज दिसत होतं.

पुढे या. १९२३, लोझान. सर फ्रेडरिक ट्रीव्हज मरतात, पोटाच्या अस्तराच्या जंतुसंसर्गाने. फ्लेमिंगना पेनिसिलिनची बुरशी दिसायला पाच वर्षं बाकी आहेत.

पेनिसिलिन आल्यावर हा सगळा प्रश्न सुटला, असा आपला समज असतो. तो खरा नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला विल्यम ऑल्टमायर फुटलेल्या अपेंडिक्सच्या १०० रोग्यांचा पू तपासतायत. हवेशिवाय वाढणारे जंतू शोधायची चिकाटी त्यांच्याकडे आहे, म्हणून त्यांना कळतं की या पुवात एक जंतू नसतो, टोळी असते. १९७० च्या दशकातली अमेरिकेतली एक प्रयोगशाळा त्या टोळीची कामं वेगळी करून दाखवते. उंदरांच्या पोटात मळाची कॅप्सूल ठेवली. औषध नसेल तर ३७ टक्के उंदीर पहिल्या काही दिवसांतच मेले आणि जगलेल्या सगळ्यांना गळू झालं. ई. कोलाय या जंतूवर चालणारं जेंटामायसिन दिलं तर मरण ४ टक्क्यांवर आलं, पण जगलेल्यांपैकी ९८ टक्क्यांना गळू झालंच. हवेशिवाय जगणाऱ्या जंतूंवरचं क्लिंडामायसिन दिलं तर गळू ५ टक्क्यांवर, पण मरण ३५ टक्के. दोन्ही एकत्र दिल्यावर मरण ७ आणि गळू ६ टक्के. ई. कोलाय आधी मारतो. हवेशिवाय जगणारा बॅक्टेरॉइड्स मागे राहून पू करतो. तुमच्या वॉर्डात सेफ्ट्रिॲक्सोनसोबत मेट्रोनिडाझोलची बाटली लटकते, तिचं कारण त्या पिंजऱ्यांत आहे.

आणि साचलेल्या पुवात यातलं कुठलंच औषध नीट चालत नाही. आत रक्तवाहिनी नाही, म्हणून औषध पोचत नाही. आतली हवा संपलेली, आंबटपणा वाढलेला, त्यात जेंटामायसिन तर लुळंच पडतं.

आता तुमच्या काळात, तुमच्या वॉर्डात परत या. रात्रीचे दहा. अपघात विभागात एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा, गुडघे पोटाशी घेऊन पडलेला. आई सांगते, “सायेब, पाच दिस झालं दुखाय लागलंय. पयल्यांदा बेंबीपाशी हुतं. म्हटलं गॅस झाला आसंल. गोळी दिली, मग एरंडेल पाजलं. काल जरा बरं वाटलं हुतं.”

प्रत्येक वाक्यात निदान आहे. मावशींना रागावू नका. एरंडेल घरोघरी असंच दिलं जातं. पण पोट दुखत असताना जुलाब द्यायचा नाही, हे वॉर्डातल्या प्रत्येक नातेवाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगा. आता तुम्हाला बोलता येतं.

नाडी १२८, रक्तदाब ९०. हात ठेवा: उजवीकडे खाली टणक, बाकी पोट अजून मऊ. गुदद्वारातून बोट घालून तपासा. ओटीपोटातलं गळू तिथे बोटाला लागतं, आणि संकोचापायी हीच तपासणी सर्वांत जास्त वेळा राहून जाते. आपल्याकडे आणखी दोन शक्यता मनात ठेवाव्या लागतात. टायफॉइडमध्ये साधारण तिसऱ्या आठवड्यात लहान आतड्याच्या शेवटाला भोक पडतं, नेमकं याच कोपऱ्यात. आतड्याचा क्षयही याच जागी घर करतो. म्हणून याआधी तीन आठवडे ताप होता का, वजन उतरलंय का, हे विचारा. मुलगी असती तर गरोदरपणाची चाचणी आधी.

सलाईन वेगात सोडा. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या भरा आणि प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभराच्या आत द्या. असा रक्तदाब पडलेला रोगी रिपोर्टची वाट बघू शकत नाही. आपल्या इस्पितळांतल्या ई. कोलायपैकी पुष्कळसे आता सेफ्ट्रिॲक्सोनला दाद देत नाहीत, म्हणून इतक्या आजारी मुलाला पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा त्याहून वरचं औषध लागतं. ते ठरवताना तुमच्या इस्पितळातल्या जंतूंचा तक्ता बघा, औषध कंपनीचं पत्रक नको.

सोनोग्राफीत सात सेंटिमीटरचं गळू दिसतं. रेडिओलॉजिस्ट पडद्यावर बघत सुई घालतात, तारेवरून पिगटेल नळी सरकवतात. ट्रीव्हजना साडेचार इंच खोल चिरत जावं लागलं होतं; इथे पेन्सिलीहून बारीक भोक. पू सिरिंजमध्ये ओढून टोपण लावून लगेच लॅबला पाठवा. कापसाच्या काडीवर नको. काडीवर हवा लागते आणि टोळीतले अर्धे साथीदार लॅबमध्ये पोचेपर्यंत मरून जातात. सकाळपर्यंत नाडी ९६ वर येते. रिपोर्ट आल्यावर औषध आवरतं घ्या, गरजेपेक्षा मोठं असेल तर लहान करा.

चौथ्या दिवशी ताप नाही, मुलगा भात खातोय, नळीतून थेंबभर येतंय. ज्युनिअर विचारतो, प्रतिजैविक दहा दिवस पुरं करू ना? २०१५ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ५१८ रोग्यांवर हाच प्रश्न तपासला गेला. पू नीट काढलेला असेल तर साधारण चार दिवस औषध आणि आठ दिवस औषध, दोन्ही गटांत गुंतागुंत जवळपास सारखीच झाली, २२ टक्क्यांच्या आसपास. जास्त दिवसांनी फायदा नाही. उरलेल्या जंतूंना मात्र औषध पचवायची सवय लागते.

“औषद एवढ्यात बंद?” आई घाबरून विचारते.

“मावशी, घाण निघाली, म्हणून औषध बंद. नळी उद्या काढू. पण घरी गेल्यावर ताप आला, पोट फुगलं, शौचाला सारखं सारखं लागलं, तर गोळ्या आणून देऊ नका. त्याच दिवशी इकडे या.”

ज्युनिअरला सांगा, डिस्चार्ज कार्डावर तेच मराठीत, ठळक अक्षरांत लिही. आणि खाली आपल्यासाठी एक ओळ: ताप फिरला तर प्रतिजैविक बदलण्याआधी सोनोग्राफी.